वडिलांचं पुस्तक ई-बुक करताना कुलूप लावू नका

वेंगुर्ल्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: वडिलांनी 1998 साली रापण, गरी, जाळी आणि माशांची मालवणी नावं यांवर पुस्तक लिहिलं. ते छापणारा प्रकाशक आता व्यवसायात नाही, वडीलही नाहीत. घरी दोन प्रती आणि छपाईवेळची एक सीडी उरली आहे. मुंबईतले चाकरमानी नातेवाईक पुस्तक मागतात, म्हणून ई-बुक करायचं ठरलं आहे. ॲमेझॉनच्या केडीपीवर, म्हणजे लेखकाने स्वतः ई-बुक प्रकाशित करायच्या सेवेवर, पुस्तक चढवताना दोन ठिकाणी हात थांबला: 'डीआरएम', म्हणजे फाइलवरचं डिजिटल कुलूप, लावायचं का आणि 'केडीपी सिलेक्ट' या फक्त ॲमेझॉनवरच विकण्याच्या करारात जायचं का. शिवाय, स्वतः किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या वाचनयंत्रावर, विकत घेतलेली पुस्तकं पुढे मुलीला देता येतील का?

मी रत्नागिरीत छोट्या प्रकाशकांची आणि लेखकांची ई-पुस्तकं तयार करून देतो, त्याआधी बरीच वर्षं डीटीपी केलं. माझं मत आधीच सांगतो. डीआरएमला नाही म्हणा. सिलेक्टलाही तुमच्या बाबतीत नाहीच, पण तिथे पैशांचा हिशेब आहे, तो पुढे मांडतो. आणि किंडलवरची पुस्तकं मुलीला रीतसर देता येणार नाहीत.

फाइलचा प्रकार आणि तिच्यावरचं कुलूप या दोन गोष्टी लोक एकच समजतात आणि इथूनच घोळ सुरू होतो. ईपब हा खुला प्रकार आहे. 2007 पासून तो मानक म्हणून मान्य आहे आणि 2017 पासून त्याची देखभाल वेबची मानकं ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था करते. ईपब म्हणजे वेबपानं, चित्रं आणि अनुक्रमणिका एका झिपमध्ये बांधलेली. फाइलच्या नावातलं शेवटचं 'ईपब' काढून 'झिप' केलं की आतलं सगळं उघडून बघता येतं. किंडलने दुसरी वाट धरली. ॲमेझॉनने 2005 मध्ये मोबीपॉकेट ही फ्रेंच कंपनी विकत घेतली आणि 2007 मध्ये पहिलं किंडल बाजारात आणलं ते तिच्याच मोबी प्रकारावर. पुढे एझेडडब्ल्यू3 आणि केएफएक्स आले. हे प्रकार त्यांचे खासगी असले तरी केवळ प्रकार वेगळा असल्याने कोणी अडत नाही. कुलूप नसलेली फाइल कॅलिबरसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एका प्रकारातून दुसऱ्यात नेता येते. उलट ईपबलाही कुलूप लावता येतं. ॲडोबीचं कुलूप लावलेला ईपब किंडलवर उघडत नाही, प्रकार कितीही खुला असला तरी. बुकगंगासारख्या आपल्या मराठी दुकानाची ई-पुस्तकंही त्यांच्याच ॲपमध्ये वाचायची असतात. त्यामुळे हा परदेशी कंपनी विरुद्ध आपली कंपनी असा मामला नाही.

कुलूप चालतं असं. दुकान मजकूर सांकेतिक करून पाठवतं आणि तो उलगडायची किल्ली वाचकाच्या खात्याला किंवा यंत्राला बांधून देतं. वाचन चालू असताना ॲप आतल्या आत ती किल्ली वापरतं. वाचकाच्या यंत्रावर किल्ली पोचवावी लागतेच, म्हणून ज्याला ती काढून घ्यायची आहे तो आज ना उद्या काढतो. संगणकाची फारशी माहिती नसलेला, पैसे भरून पुस्तक घेणारा साधा माणूस मात्र अडकतो. त्याला फोन बदलायचा असतो, दुसऱ्या कंपनीचं वाचनयंत्र घ्यायचं असतं, बहिणीला पुस्तक द्यायचं असतं.

आणि यात तुमच्या, म्हणजे लेखकाच्या किंवा वारसाच्या हातात काहीच राहत नाही. केडीपीवर डीआरएमच्या चौकोनात खूण तुम्ही करता, पण किल्ल्या दुकानात तयार होतात आणि दुकानातच राहतात. उद्या तुम्हाला वाटलं की आपल्या जुन्या वाचकांना सुधारलेली आवृत्ती दुसऱ्या दुकानातून द्यावी, तर त्यांची नावं तुमच्याकडे नाहीत आणि त्यांच्याकडची फाइल दुसरीकडे उघडत नाही.

दुकान काय करू शकतं याचे दाखले जुने आहेत. जुलै 2009 मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची '1984' आणि 'ॲनिमल फार्म' ही पुस्तकं अमेरिकेतल्या ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसली, कारण ज्या विक्रेत्याने ती दुकानात ठेवली होती त्याच्याकडे हक्क नव्हते. पैसे परत दिले, पुढे ॲमेझॉनचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोस यांनी माफीही मागितली. पण विकलेलं पुस्तक लांबून काढून घेता येतं हे जगाला त्या दिवशी कळलं. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं. कुलपांची तपासणी करणारी यंत्रणा गेली, त्यामुळे विकत घेतलेली पुस्तकंही उघडेनाशी झाली. तिथेही पैसे परत मिळाले. पुस्तकांच्या कडेला केलेल्या टिपणांचं मोल म्हणून काहींना वर 25 डॉलर मिळाले, टिपणं मात्र गेली. आणि 26 फेब्रुवारी 2025 पासून किंडलची विकत घेतलेली पुस्तकं संगणकावर उतरवून केबलने यंत्रात टाकण्याची सोय ॲमेझॉनने काढून टाकली. निसर्ग आणि तौक्ते या चक्रीवादळांच्या वेळी वीज आणि नेटवर्क गेलं की काय होतं ते आपण किनाऱ्यावर पाहिलं आहे. यंत्रात आधीच उतरवलेलं पुस्तक नेटशिवाय वाचता येतं, पण नव्या यंत्रावर घ्यायचं तर दुकानाशी जोडणी हवीच.

'मग चोरी?' हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. मराठी पुस्तकांची चोरी कशी होते ते बघा. कोणी तरी छापील प्रत मोबाइलने पान-पान टिपतो, पीडीएफ करतो आणि ती टेलिग्राम, व्हॉट्सॲपवर फिरते. तुमच्या पुस्तकाच्या घरी दोन प्रती आहेत, म्हणजे बाहेर आणखी काही असणारच, आणि छापील कागदाला कुठलं डीआरएम लागतं? विज्ञानकथा छापणाऱ्या टॉर या अमेरिकेतल्या मोठ्या नावाने 2012 मध्ये आपल्या सगळ्या ई-पुस्तकांवरचं कुलूप काढलं. वर्षभराने त्यांच्या ब्रिटिश शाखेने सांगितलं की चोरी वाढल्याचं काही दिसलं नाही. फार तर, स्वतः थेट विक्री करताना खरेदीदाराचं नाव पहिल्या पानावर घालून फाइल द्या. आपलं नाव असलेली फाइल चारचौघांत फिरवायला माणूस कचरतो, आणि वाचायला त्याला काही आडकाठी होत नाही.

मोठ्या प्रकाशकांनाही हे कुलूप कसं महागात पडलं ते इथेच सांगून टाकतो. किंडलवर कुलूप हवं हा आग्रह मुळात प्रकाशकांचाच होता. परिणामी वाचकाचं कपाट एका दुकानात जमा होत गेलं आणि वाचक तिथून हलेना. मग दुकानाने किमतीवरून ताणलं की प्रकाशकाला 'चला, दुसरीकडे घ्या' म्हणायची सोयच राहिली नाही. जानेवारी 2010 च्या अखेरीस मॅकमिलन या प्रकाशकाशी वाद झाला तेव्हा ॲमेझॉनने त्यांच्या पुस्तकांवरची खरेदीची बटणंच काढून टाकली, छापील पुस्तकांचीसुद्धा. तो वाद काही दिवसांत मिटला. 2014 मध्ये हॅशेट या प्रकाशकाशी महिनोन्‌महिने चाललं, तेव्हा आगाऊ नोंदणी बंद आणि छापील पुस्तकं उशिरा असं करून दाब आणला गेला. नोव्हेंबरात समझोता झाला. मधल्या काळात पाच प्रकाशकांनी ॲपलशी संगनमत करून किमती चढवायचा प्रयत्न केला. अमेरिकेच्या सरकारने 2012 मध्ये खटला भरला, 2013 मध्ये न्यायालयाने ॲपलला दोषी धरलं आणि शेवटी ॲपलला 45 कोटी डॉलर मोजावे लागले. एवढे बलाढ्य प्रकाशक जिथे वाकले तिथे वेंगुर्ल्याच्या एका पुस्तकाने काय अटी घालायच्या? आपल्या हातात एकच आहे: वाचकाला आपणहून त्या दुकानाला बांधायचं नाही.

इथे ॲमेझॉनच्या बाजूनेही बोललं पाहिजे. डिसेंबर 2016 मध्ये हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळम यांच्यासह मराठी पुस्तकं किंडलवर आली, तेव्हापासून परदेशातल्या मराठी वाचकापर्यंत पोचायला तेवढा सोपा रस्ता दुसरा नाही. आणि जानेवारी 2026 पासून, ज्या नव्या पुस्तकांना लेखकाने कुलूप लावलेलं नाही त्यांची ईपब आणि पीडीएफ फाइल खरेदीदाराला उतरवून घेता येईल अशी सोय त्यांनी जाहीर केली. आधी प्रकाशित झालेल्यांना ती आपोआप लागत नाही, लेखकाला आत जाऊन बदल करावा लागतो. म्हणजे तुमचं 'नाही' आता वाचकाच्या थेट कामी येतं. तेव्हा दुकान टाळा असं मी म्हणत नाही. तिथे पुस्तक ठेवाच, फक्त कुलपाशिवाय ठेवा.

आता सिलेक्ट. हा 90 दिवसांचा करार आहे. तेवढ्या काळात ई-बुक दुसरीकडे कुठेही विकायचं नाही, फुकट द्यायचं नाही, स्वतःच्या वेबसाइटवरही दहा टक्क्यांहून जास्त मजकूर ठेवायचा नाही. छापील पुस्तकाला ही अट नाही. मुदत संपली की करार आपोआप पुढे चालू होतो, म्हणून कोणी घेतलाच तर आपोआप नूतनीकरणाची खूण पहिल्याच दिवशी काढावी. बदल्यात पुस्तक किंडल अनलिमिटेड या वर्गणी भरून वाचायच्या योजनेत जातं, तिथे वाचलेल्या पानांप्रमाणे पैसे मिळतात. पण खरी मेख मानधनात आहे. भारतातल्या विक्रीवर 70 टक्के मानधन सिलेक्टमध्ये असाल तरच मिळतं, नाही तर 35 टक्के. शिवाय 70 टक्क्यांसाठी किंमत 49 ते 399 रुपयांच्या आत हवी, आणि फाइल जेवढी जड तेवढा पोचवण्याचा खर्च त्यातून कापला जातो. माशांची छायाचित्रं घालणार असाल तर हे लक्षात ठेवा.

हापूसच्या बागायतदाराला हे समजावायला लागणार नाही. फवारणीच्या वेळी वाशीच्या दलालाकडून उचल घेतली की हंगामात पेटी त्याच्याच गाळ्यावर जाते, भाव निघेल तो निघो. 35 आणि 70 मधला फरक ही तशी उचल आहे.

हिशेब करू. करपूर्व किंमत 150 रुपये धरा. सिलेक्टमध्ये 100 प्रती खपल्या तर जास्तीत जास्त 10,500 रुपये, त्यातून पोचवण्याचा खर्च वजा. सिलेक्टबाहेर राहून त्याच 100 पैकी 40 ॲमेझॉनवर गेल्या तर 52.50 प्रमाणे 2,100. उरलेल्या 60 तुम्ही यूपीआयवर पैसे घेऊन थेट पाठवल्या तर 9,000. बेरीज 11,100. म्हणजे तुमचे बरेचसे वाचक ओळखीचे असतील, गावाचे, गावकरी मंडळाचे, मुंबईतल्या नातेवाइकांचे, तर बांधून घेण्यात नुकसान आहे. वाचक अनोळखी असतील, रहस्यकथा किंवा प्रेमकथा लिहिणाऱ्यांचे असतात तसे, तर सिलेक्ट फायद्याचं ठरू शकतं, आणि तशा लेखकांना मी ते घ्यायलाही सांगतो. तुमचं पुस्तक त्यातलं नाही. जाता जाता कराचं: छापील पुस्तकावर जीएसटी शून्य, पण ई-पुस्तकावर 2018 पासून छापील आवृत्ती असेल तर 5 टक्के आणि नसेल तर 18. छापलेलं पुस्तक तेवढं पुस्तक, हा सरकारी न्याय मला कधी पटला नाही.

या सगळ्याआधी हक्क तपासा. वडिलांनंतर हक्क वारसांकडे येतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. भावंडं असतील तर सगळ्यांची लेखी संमती घ्या. आज प्रेमाने 'कर तू' म्हणतात, पुढे पुस्तक पाठ्यक्रमात लागलं की आठवण येते. प्रकाशकाशी झालेला कागद सापडला तर त्यात मुदत लिहिली आहे का बघा. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 नुसार मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, म्हणजे 1998 चा तसा करार कधीच संपला. कागदच झाला नसेल तर आणखी सोपं, कारण हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो, ई-बुकसाठी वेगळा घ्या. ॲमेझॉन एएसआयएन नावाचा स्वतःचा क्रमांक देतं, तो त्यांच्या दुकानाबाहेर कुठे चालत नाही.

तुमची खरी मेहनत त्या सीडीत आहे आणि तिथे आणखी एक जुनं कुलूप तुमची वाट बघतंय. नव्वदच्या दशकात मराठी डीटीपीची सॉफ्टवेअरं डोंगल लावल्याशिवाय चालत नसत. संगणकाच्या प्रिंटरच्या तोंडाला तो ठोकळा खोचायचा, तो हरवला किंवा बिघडला की काम ठप्प. डोंगलपेक्षा वाईट गोष्ट फाँटची होती. प्रत्येक कंपनीने देवनागरीचे तुकडे, कुठे काना, कुठे अर्धा श, कुठे रफार, आपापल्या सोयीने इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवले होते. त्यामुळे सीडीवरची पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरची फाइल तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की नुसता रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. युनिकोड या सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या सामाईक पद्धतीत देवनागरीला 1991 पासून जागा होती, पण आमच्या धंद्याने तिकडे वळायला फार वेळ घेतला. त्या काळात मराठीत टाइप झालेली हजारो पानं आज छापील प्रत समोर ठेवून पुन्हा बसवावी लागतात.

फाइल उघडली तर फाँटचं नाव बघून त्या फाँटचा परिवर्तक, म्हणजे जुना मजकूर युनिकोडमध्ये नेणारं सॉफ्टवेअर, वापरा, पण त्याच्यावर विसंबू नका. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचं उलट. परिवर्तक बहुतेक ठिकाणी जागा बदलतो, जोडाक्षरांत चुकतो. आणि किनाऱ्यावरच्या पुस्तकाचा हमखास घात करतो तो 'ऱ्य'. 'किनाऱ्यावर'चं 'किनार्यावर' होतं, 'तिसऱ्यो'चं 'तिसर्यो', आणि अशी चूक पानोपानी. आधी ते सगळे शब्द शोधून बदला, मग बाकीचं वाचायला घ्या. मालवणी शब्दांना शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर लाल रेघ मारत राहणार, तिकडे दुर्लक्ष करा आणि 'स्वीकारा'चं बटण चुकूनही दाबू नका. सीडी वाचलीच गेली नाही तर छापील प्रत नीट स्कॅन करून ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं सॉफ्टवेअरकडून ओळखून घ्या. टेसरॅक्ट हे फुकट सॉफ्टवेअर मराठी ओळखतं, गूगलचं ओसीआरही चालतं. एक प्रत उसवून सपाट स्कॅन केली तर निकाल खूप सुधारतो, पण दोनच प्रती असताना तसं करायला मी सांगणार नाही.

तयार झालेला ईपब हीच तुमची मूळ प्रत. त्यात भाषा मराठी असल्याची खूण घाला, म्हणजे फाँटमध्ये सोय असेल तर श आणि ल आपल्या वळणाचे दिसतात, हिंदी वळणाचे नाही. ही फाइल दुकानाबाहेर तीन-चार ठिकाणी जपून ठेवा. किंडललाही तोच ईपब द्यायचा, त्यांचा प्रकार ते स्वतः बनवून घेतात. नीट युनिकोडमध्ये असलेलं पुस्तक अंध वाचकाला स्क्रीन रीडर वाचून दाखवू शकतो. चित्र म्हणून ठेवलेल्या पानांतून त्याला काहीच मिळत नाही. दिव्यांगांना वाचता येईल अशी प्रत करायला आपला कायदा 2012 पासून मुभा देतो, आणि त्यासाठीचा माराकेश करार मान्य करणारा भारत 2014 मध्ये जगातला पहिला देश होता. कुलूप लावून ती मुभा कशाला अडवायची?

कायद्याचाच विषय निघाला म्हणून मुलीचा प्रश्न. छापील पुस्तक तुम्ही विकू शकता, देऊ शकता, मृत्युपत्रात लिहू शकता. किंडलच्या अटींनुसार तुम्ही पुस्तक घेत नाही, वाचण्याचा परवाना घेता आणि तो दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. कॅलिफोर्नियात जानेवारी 2025 पासून कायदाच झाला की अशी डिजिटल वस्तू विकताना हा नुसता परवाना आहे असं ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. भारतात कुलूप तोडण्याबद्दल 2012 च्या दुरुस्तीने कलम 65अ आलं: हक्कभंगाच्या हेतूने तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. अमेरिकेत 1998 च्या कायद्याने तोडणं हेच मुळात बेकायदा, ठरावीक अपवाद सोडून. आपल्याकडे हेतू पाहिला जातो. तरीही दुकानाशी केलेला करार उरतोच, आणि अटी मोडल्या म्हणून खातं बंद झालं तर दाद मागायला तुम्ही कुठवर जाणार? मुलीसाठी ठेवायची पुस्तकं मी कागदावर किंवा कुलपाशिवाय घेतो.

शेवटची एक सूचना, तुम्ही न विचारलेली. किंडलची पुस्तकं आपल्या वाचनालयांना सभासदांना देता येत नाहीत, तशी व्यवस्था इथे नाही. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय 1828 पासूनचं. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने 2005 आणि 2021 असे दोन पूर सोसले आणि भिजलेली पुस्तकं गमावली. अशा संस्थांना ईपबची एक प्रत सहीच्या पत्रासह देऊन टाका. पत्रात एवढंच लिहा: हक्क आमच्याकडे आहेत, ही फाइल वाचनालयाने सभासदांना वाचायला द्यावी, जतनासाठी तिच्या हव्या तेवढ्या प्रती कराव्यात, विक्री करू नये. सिलेक्टवर खूण केलीत तर हे पत्रही देता येणार नाही.